काही लागलं नाही

गंगापूर रोड, नाशिक
२१ ऑगस्ट २०२४

श्रीमती प्रतिभाताई पिंगळे यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी मखमलाबादच्या वळणावर तुमच्या उभ्या टेम्पोला ज्याने मागून गाडी मारली, तो मी. नाव केदा नानाजी अहिरे. वय एकाहत्तर. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या मुलीने चिठ्ठीवर पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला होता. फोन दोनदा लावला आणि पलीकडे घंटा वाजायच्या आत दोन्ही वेळा बंद केला. काय बोलायचं ते सुचेना. कागदावर निदान खोडता येतं.

माझ्या भावाचं वर्षश्राद्ध होतं म्हणून मी नामपूरला निघालो होतो. वळणावर एक कुत्रं आडवं आलं. त्याला चुकवायला गेलो आणि तुमचा टेम्पो दिसला तेव्हा उशीर झाला होता. ब्रेक दाबला, पण गाडी थांबली ती तुमच्या टेम्पोवरच.

मी खाली उतरून सारखं विचारत होतो, कुणाला लागलं का. तुम्ही म्हणालात, "काही लागलं नाही." मीही म्हणालो, मलाही काही लागलं नाही. मग आपण तिघं रस्त्यावर सांडलेला झेंडू क्रेटमध्ये भरत बसलो. तुम्ही मला एक वाकडा शब्द बोलला नाहीत. तो बोलला असतात तर बरं झालं असतं.

चौतीस वर्षं मी विमानाचे भाग तपासले. हातातून पडलेला भाग वरून धड दिसला तरी आम्ही तो तसाच बसवत नसू, बाजूला ठेवून पुन्हा तपासायचो. त्याच सवयीने विचारतो आहे. तुमची मान, पाठ, डोकं ठीक आहे ना? मुलीला काही त्रास? उत्तर दिलं नाहीत तरी समजून घेईन.

आपला नम्र,
केदा अहिरे

*

मखमलाबाद
२७ ऑगस्ट २०२४

अहिरे साहेब,
नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्हाला फोनवर बोलायला सुचेना आणि मला फोनवर बोलायचं नाही, कारण बोलायला लागले तर शिव्या येतील. माझा स्वतःचा फोन तसाही तुमच्या धडकेत पुढच्या काचेवर आपटून फुटला. चिठ्ठीवरचा नंबर निकिताचा आहे.

कुत्रं नव्हतं. मी बाजूच्या आरशात बघत होते. रस्ता मोकळा होता आणि तुमची गाडी सरळ आली, जराही न वळता.

मी आरशात का बघत होते तेही सांगते. ताडपत्रीची दोरी सुटली म्हणून आम्ही थांबलो होतो. निकिता मागे जाऊन दोरी बांधत होती. ती पुढे आली, चढली, दार ओढलं, आणि तुम्ही आलात. अर्ध्या मिनिटाचं अंतर. ती मागे उभी असती तर काय झालं असतं, हे मी रोज क्रेट भरताना बघते. म्हणून तुम्हाला काही बोलले नाही. तोंडच उघडेना.

मानेचं विचारलंत. पहिले दोन दिवस काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलेना. हाताने डोकं धरून उठले. सासूबाई नवसाबाई तेल लावतात. आता उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात आणि हाराची गाठ सुटून जाते. आधी वाटलं, तुमच्या गाडीशी याचा काय संबंध, त्याला तर तीन दिवस झाले. दवाखान्यात जायला सवड नाही. गणपती दहा दिवसांवर आले. अडीच एकर झेंडू तोडायला आम्ही तिघी आणि चार बाया.

निकिताला काही नाही. ती स्टिअरिंग धरून बसली होती.

प्रतिभा पिंगळे

*

गंगापूर रोड, नाशिक
३० ऑगस्ट २०२४

प्रतिभाताई,
सप्रेम नमस्कार.

कुत्रं नव्हतं. माझा डोळा लागला होता. आदल्या रात्री झोप झाली नव्हती आणि तरी मी गाडी काढली. हे मी माझ्या मुलीलाही सांगितलेलं नाही. शुभांगी बंगळुरूला असते. ती गेलं वर्षभर मागे लागली आहे, नाना, गाडी विका. तिला कळलं की मी झोपलो होतो, तर किल्ली त्याच दिवशी जाईल. तुमच्याशी खोटं बोललो, त्याची लाज वाटते.

तुमचं पत्र घेऊन मी माझ्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना तुमच्या मानेचं सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, मागून धक्का बसला की मान चाबकासारखी मागेपुढे जाते, आतले स्नायू ताणले जातात आणि दुखणं एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा वर येतं. बोटांना मुंग्या येत असतील तर तेल चोळत बसू नका, तपासून घ्या. त्यांनी आणखी सांगितलं ते मी तिथेच कागदावर टिपून घेतलं, तुमच्यासाठी उतरवतो आहे. अपघातानंतर कितीही दिवसांनी डोकेदुखी सुरू झाली आणि वाढत गेली, उलटी झाली, झोप आवरेना, बोलताना शब्द सापडेना, किंवा एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, तर एक दिवसही थांबायचं नाही. महिन्यानेसुद्धा होऊ शकतं. हे कृपा करून कुठे तरी चिकटवून ठेवा.

त्यांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, बाजूच्या काचेला डोकं आपटून एक टेंगूळ आलं होतं, ते बसलं. ते म्हणाले, तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता, डोकं दुखायला लागलं तर लगेच या. दुखत नाही म्हटलं. खरंच नव्हतं दुखत.

तुम्ही जाऊन या. गणपती पुढच्या वर्षीही येणार आहेत.

आपला,
केदा अहिरे

*

मखमलाबाद
५ सप्टेंबर २०२४

अहिरे काका,
नमस्कार.

साहेब लिहायचं बंद केलं. तुम्ही खरं लिहिलंत, ते बरं वाटलं. राग गेला असं नाही. पण आता तो एका जागी बसून आहे.

तुमचं पत्र निकिताने सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानंतर घरात मला कोणी राहू दिलं नाही. आईंनी माझ्या हातातली सुई काढून घेतली, म्हणाल्या, "जा आधी. हार मी गुंफते." फोटो काढला. हाड धड आहे, स्नायू ताणलेत आणि एक शीर दबली आहे. गळ्याला पट्टा दिला आणि व्यायाम दिलेत. पट्टा घालून फुलं तोडता येत नाहीत, खाली बघता येत नाही. तो टेम्पोत लटकतो आहे. व्यायाम आठवला की करते.

थकले आहे. असं कोणाला सांगत नाही, तुम्ही अनोळखी आहात म्हणून लिहिते. आमचे मालक बारा वर्षांपूर्वी गेले. मोटारसायकलवरून पडले होते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तेव्हापासून निकिताचं शिक्षण, शेत, आईंचे गुडघे. सकाळी चारला उठते. रविवार कधी येतो कळत नाही.

तुम्ही एकटेच राहता का? जेवणाचं कसं? शुभांगीला गाडीचं सांगून टाका. लपवून ठेवलं की त्याचा आणखी भार होतो.

प्रतिभा

*

गंगापूर रोड
९ ऑगस्ट २०२४

प्रतिभा,
नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मान कशी आहे? व्यायाम सोडू नको. पट्टा टेम्पोत लटकवून मान बरी होत नाही.

मी बरा आहे. वत्सलाला जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून एकटाच. सकाळची पोळी-भाजी एक बाई आणून देते. आता भूक कमी झाली आहे. झोप मात्र छान लागते, इतकी वर्षं लागत नव्हती. दुपारी बसल्या बसल्या लागते, संध्याकाळी उठावं तर परत लागते. दूधवाला ओरडला, नाना, पिशव्या दारात नासताहेत. मला घंटा ऐकू आली नाही.

शुभांगीचा फोन आला होता. गाडीचं सांगायचं होतं, पण शब्दच जमेना. ती म्हणाली, नाना, रागावलात का? मी काहीच बोललो नाही.

डाव्या पायातली चप्पल सारखी सुटते. चालताना मागे राहते आणि मला कळतही नाही, लोक सांगतात. म्हणून नवी घेतली. तीही सुटते. हल्ली चपला चांगल्या करतच नाहीत. आमच्या कारखान्यात असला माल मी परत पाठवला असता.

डोकं जड शे सकाळपासून. तीन-चार दिवस झाले. चष्म्याचा नंबर वाढला असेल, ओळी वर वर जातात. डॉक्टरकडे जाऊ पुढच्या आठवड्यात.

मान कशी आहे? तू व्यायाम सोडू नको. पट्टा टेम्पोत लटकवून

माले झोप येस. पत्र उद्या पुरं करतो. नही, टाकूनच देतो.

केदा

*

गंगापूर रोड, नाशिक
२१ सप्टेंबर २०२४

प्रतिभाताई,

मी शुभांगी, केदा अहिरे यांची मुलगी. आपण दवाखान्याच्या जिन्यात पाच मिनिटं भेटलो. मी विमानतळावरून बॅग घेऊन धावत आले होते आणि तुम्हाला फूलबाजार गाठायचा होता. मी तुमचे आभारसुद्धा मानले नाहीत. फोन करणार होते, पण नानांच्या टेबलावर तुमची पत्रं सापडली. वाचू नयेत हे कळत होतं, तरी वाचली. मग वाटलं, लिहूनच विचारावं.

नाना शुद्धीवर आहेत. डोक्याच्या उजव्या बाजूला आत रक्त साचलं होतं, कवटीला दोन लहान भोकं पाडून ते काढलं. डॉक्टरांनी सांगितलं की आपटलं त्या दिवशी ते एवढंसं असतं, म्हाताऱ्या माणसांत हळूहळू झिरपत वाढतं आणि गोळीमुळे आणखीनच. आणखी थोडे दिवस गेले असते तर काही हातात राहिलं नसतं. डावा हात अजून मंद आहे. बोलतात, पण मध्येच अहिराणीत जातात. मला बरं वाटतं ते. लहानपणी आजीशी बोलायचे तसे बोलतात.

मी त्यांच्याशी दर दोन दिवसांनी फोनवर बोलत होते. ते हळू बोलायचे, मध्येच गप्प व्हायचे. मला वाटलं, रुसलेत. गाडी विका म्हटलं त्याचा राग. मीही मग हट्टाने फोन कमी केले. म्हटलं, येतील वळणावर. सख्खी मुलगी असून मला ऐकू आलं नाही आणि तुम्हाला एका कागदावरून कळलं. तुम्ही त्यांना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तेही रस्त्यावर.

तुम्हाला कसं कळलं? त्या दिवशी नेमकं काय झालं? नानांना काही आठवत नाही.

शुभांगी

*

मखमलाबाद
२८ सप्टेंबर २०२४

शुभांगी,

तुझ्यापेक्षा मी मोठी आहे म्हणून अगंतुगं करते.

पत्र शुक्रवारी, तेरा तारखेला दुपारी आलं. आधी अक्षर बघितलं. आधीची दोन्ही पत्रं छापल्यासारखी होती. यात ओळी डोंगर चढल्यासारख्या वर गेलेल्या, आणि तारीख नऊ ऑगस्ट, म्हणजे अपघाताच्याही आधीची. मानेचं दोनदा विचारलेलं. तरी मी वाचत गेले, म्हातारा माणूस आहे म्हटलं. मग चपलेचं आलं.

मी तिथेच बांधावर खाली बसले. निकिताला म्हटलं, टेम्पो काढ. ती म्हणाली, "अगं, माल भरलाय अर्धा." म्हटलं, तसाच काढ. वाटेत तिच्या फोनवरून नानांना लावत होते. कोणी उचलत नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर दुधाच्या तीन पिशव्या. नाना खुर्चीत बसलेले, अंगात स्वेटर, एका पायात चप्पल आणि दुसरी दाराजवळ उलटी. माझ्याकडे बघून म्हणाले, "वत्सला, चहा ठेव." मी म्हटलं, "ठेवते. आधी दोन्ही हात समोर धरा बरं." त्यांनी धरले. उजवा राहिला. डावा हळूहळू खाली आला, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही. ते मलाच विचारत होते, मान कशी आहे.

दोघींनी मिळून त्यांना खाली आणलं. टेम्पोत मध्ये बसवलं. दवाखान्यात तो फॉर्म भरणारा विचारतो, "पेशंटशी तुमचं नातं काय?" निकिता म्हणाली, "यांनी आम्हाला ठोकलं." तो बघतच राहिला. मी डॉक्टरांना सांगितलं, सव्वीस दिवसांपूर्वी डोकं आपटलंय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आठवडाभर डोकं जड आहे, झोप आवरत नाही, डावी चप्पल पायात राहत नाही. ते तुझ्या वडिलांनी माझ्यासाठी लिहिलेलं मी त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यांनी लगेच डोक्याचा फोटो काढायला नेलं. तुझा नंबर त्यांच्या फोनमध्ये सापडला. बाकी तुला माहीत आहे.

आता कसं कळलं ते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, निकितालाही नाही.

आमचे मालक, गोटीराम, मोटारसायकलवरून पडले तेव्हा स्वतः गाडी उचलून घरी घेऊन आले. चहा घेतला. म्हणाले, काही लागलं नाही. कोपर खरचटलं होतं, त्याला मी हळद लावली. आठवडाभर शेतात कामसुद्धा केलं. मग डोकं दुखतंय म्हणायला लागले. मग झोपायला लागले. दिवस दसऱ्याचे, झेंडू उभा, आणि हा माणूस खाटेवर. मी काय काय बोलले असेन ते तुला लिहून दाखवत नाही. आळशी म्हटलं. पिता का म्हणून विचारलं. ते कधी पीत नव्हते. त्यांची चप्पल सुटायची, अंगणात एक आणि शेतात एक. मी बाजारातून पट्ट्याचे सँडल आणले आणि त्यांच्यापुढे फेकले, म्हटलं, घ्या, आता तरी पायात राहू द्या. ते हसले. शेवटच्या सकाळी उठेनात म्हणून अंगावरची गोधडी मी ओढून काढली आणि तशीच बाजारात निघून गेले. दुपारी आले तेव्हा घरासमोर माणसं जमली होती. एकविसावा दिवस होता.

नंतर डॉक्टरांनी विचारलं, गेल्या काही दिवसांत यांची झोप वाढली होती का, एका बाजूचा पाय ओढत होते का. हात समोर धरायला लावून कसं बघतात, तेही तेव्हाच समजलं. सगळं विचारून झाल्यावर ते काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत ते मला अजून ऐकू येतं.

म्हणून कळलं. तू हुशार नाहीस आणि मी हुशार आहे असं नाही. मी आधी एकदा चुकले होते.

तू रुसवा समजलीस, मी आळस समजले. तुझे वडील जिवंत आहेत. त्यांच्याजवळ बस. त्यांना गाडीचं काही विचारू नको, ते स्वतः सांगतील.

प्रतिभा

*

गंगापूर रोड, नाशिक
७ ऑक्टोबर २०२४

प्रतिभा,

उजव्या हाताने लिहितो आहे, तो धड आहे. तरी अर्ध्या पानाला दम लागतो. दोन दिवसांत पुरं केलं हे.

शुभांगीने तुझं पत्र वाचून दाखवलं. तुला न विचारता ऐकलं, माफ कर. ती वाचता वाचता थांबली आणि उठून गॅलरीत गेली. उरलेलं मी वाचलं.

गाडीचं मी तिला सांगितलं, झोप लागल्याचं. किल्ली मीच तिच्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात आम्ही बंगळुरूला जातो आहोत. किती दिवसांसाठी ते माहीत नाही. घर बंद करताना कोणती भांडी न्यायची, यावर आमचं भांडण चालू आहे.

गोटीरामबद्दल. तू चुकली नाहीस असं मी म्हणणार नाही. ते तुला अनेक लोक म्हणाले असते, म्हणून तू कोणाला सांगितलं नाहीस. मी तपासणीवाला माणूस आहे, जे दिसतं ते लिहितो. मला दिसतं ते असं. ती सगळी लक्षणं डॉक्टरांनी मला सांगितली. मी माझ्या हाताने कागदावर लिहिली. तुला पाठवली. आणि मग त्यातलं एक एक माझ्या अंगात येत गेलं, आणि मी चपलेला नावं ठेवत बसलो. चौतीस वर्षं चुका शोधण्याचा पगार घेतला मी. तुझ्याजवळ तर असा कागदही नव्हता.

एक विचारतो. त्या दिवसांत घरात तू एकटी नव्हतीस. नवसाबाई होत्या. बारा वर्षं तुम्ही दोघी एका चुलीवरचं जेवता. त्यांना तू कधी सांगितलंस का?

मान कशी आहे, ते लिही. या वेळी एकदाच विचारतो.

केदा अहिरे

*

मखमलाबाद
१७ ऑक्टोबर २०२४

नाना,

पत्र बंगळुरूच्या पत्त्यावर पाठवते. शुभांगीने निकिताच्या फोनवर कळवला. तिथे थंडी असेल तर स्वेटर घाला.

दसरा झाला. या वर्षी फुलाला उठाव होता. तीन दिवस कोणी घरात आडवं झालं नाही. तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं होतं, पण तुम्ही शेवटी जे विचारलंत, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नाही सांगितलं, एवढंच लिहायचं तर कागद कशाला वाया घालवू.

मंगळवारी सकाळी उरलेलं फूल तोडायला आम्ही दोघीच होतो. निकिता टेम्पो धुवायला गेली होती. आई शेजारच्या ओळीत. त्या बसून सरकतात, मी वाकून तोडते. मी काही ठरवलं नव्हतं. तोडता तोडता तोंडातून निघालं. म्हटलं, "आई, ते आजारी होते आणि मी त्यांना आळशी म्हटलं. शेवटच्या दिवशी त्यांची गोधडी ओढून काढली."

त्यांचा हात थांबला नाही. चार-पाच फुलं तोडली असतील. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग खाली बघूनच म्हणाल्या, "गोधडी तू काढली. पानी मी मारलं व्हतं."

मी म्हटलं, "कसलं पाणी?"

"तू बाजारात गेल्यावर. दहा वाजले तरी उठंना. मला वाटलं, सोंग करतंय पोरगं. तांब्याभर पानी मारलं तोंडावर. त्यानं डोळं उघडलं, म्हनला, आई, थंडी वाजती. मी म्हनलं, मग ऊठ की, उनात बस. आन् मी गोठ्यात गेले." त्या पुढच्या झाडाकडे सरकल्या. मग म्हणाल्या, "अंग पुसाया पायजे व्हतं. वलंच ऱ्हायलं."

बारा वर्षं, नाना. मी रोज सकाळी चारला उठून त्यांच्या आधी घरातून निघते, आणि मला वाटायचं, मी निघते कारण मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही, त्यांचा मुलगा माझ्यामुळे गेला. त्या मला रागानं काही बोलायच्या नाहीत, तेही मला टोचायचं. त्या का बोलत नव्हत्या, ते आता कळलं.

तुम्ही मला जे लिहिलंत, तेच सांगितलं. म्हटलं, आपल्याजवळ कागद नव्हता, आई. कोणी सांगितलंच नव्हतं आपल्याला. त्यांना समजलं की नाही माहीत नाही. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "ओळ पुरी कर. ऊन चढलं."

ओळ पुरी केली. रडारड काही झाली नाही, अंगात तेवढं त्राण नव्हतं. भरलेला क्रेट उचलायला मी वाकले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात फुलांनी पिवळा आणि चिकट झालेला. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मान दुखती ना तुझी? सांगत का न्हाईस?"

म्हटलं, "दुखते."

"मंग बस इथं," म्हणाल्या. निकिता येईपर्यंत आम्ही बांधावर बसून राहिलो.

प्रतिभा